पाय मागून येतो

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी एका पायावर उभं राहायला सांगितलं. मी पाच प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. पाणी किती वेळ येतं, संडास कुठे, वीज जाते का, रॉकेल कुठे मिळतं, रात्री फाटक कोण लावतं. त्यातला पहिला प्रश्नही तोंडातून निघाला नव्हता.

"डोळे मिटा आणि वीस मोजा."

"कशाला?"

"खोली माळ्यावर आहे. जिना शिडीसारखा उभा आहे. पडलेला भाडेकरू मला नको."

मी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, उजवा पाय उचलला आणि मोजायला लागले. चौदाला डगमगले, पण पाय टेकला नाही. डोळे उघडले तर तेही माझ्यासमोर एका पायावर उभे. त्यांचं वय तेव्हा पासष्टच्या आसपास असेल. "राहा," ते म्हणाले आणि शांतपणे दुसरा पाय खाली ठेवून पानाचा चुना शोधायला आत गेले. पाच प्रश्नांची उत्तरं मला पुढच्या महिनाभरात आपोआप मिळाली.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी बावीस वर्षांची होते आणि गास गावच्या प्राथमिक शाळेत नव्याने लागले होते. शाळा सकाळची, म्हणून दुपारनंतरचा वेळ मोकळा. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. शाळेतली मुलं बगळा म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. नाव चुकीचं नव्हतं. आबा दात घासताना एका पायावर उभे राहत, दाढी करताना दुसऱ्या. पोस्टमनशी बोलता बोलता त्यांचा एक पाय वर जाई आणि पोस्टमन गेला की खाली येई. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पालघरला दिलेली. घरात ते एकटे, आणि माळ्यावर मी.

तीस वर्षं ते किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते. मासळीसाठी लागणाऱ्या लाद्या तिथे तयार होत. एवढी वर्षं बर्फात काढलेला हा माणूस थंड पाणी पीत नसे. मे महिन्यातसुद्धा कोमट पाणी आणि पायात लोकरीचे मोजे. कुणाच्या लग्नात सरबत पुढे आलं तर बोटाने बर्फाचा खडा बाहेर काढून अंगणात टाकत आणि म्हणत, "याची माझी ओळख कामापुरती."

काम कुठलं, ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

दुपारी दोनच्या सुमाराला सोपाऱ्याच्या बाजाराकडे जाणारा टेम्पो आमच्या रस्त्यावर थांबे आणि गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली अर्धी लादी उतरवून जाई. कारखान्याने जुन्या माणसाला लावून दिलेला तो रतीब होता. आबा ती खांद्यावर घेऊन घरात आणत. त्यानंतर माणसं यायला लागत. बाजारातून परतणाऱ्या कोळणी, दिवसभर वाकून पानवेली बांधणारे, लचकलेले, मुरगळलेले, सुजलेले. गुडघा असो, घोटा असो, आबा आधी नारळाच्या झावळीचा एक हीर घेऊन तळव्याला टोचून बघत. ज्याला टोचलेलं कळलं नाही त्याला बर्फ नाही. "ज्याच्या पायाला आधीच काही कळत नाही, त्याला आणखी बधिर कशाला करायचा? तू डॉक्टरकडे जा." बाकीच्यांना ओल्या पंचात बांधलेला बर्फाचा चुरा.

त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. वेळ ते विड्याने मोजत. आमच्याकडे पानाला तोटा नाही. नियम असा होता की बर्फ एक विडा आणि बाक दोन विडे. म्हणजे आबांचा एक विडा चघळून होईपर्यंत बर्फ बांधायचा. मग तो सोडून ओटीवरच्या लाकडी बाकावर दोन विडे होईस्तोवर नुसतं बसायचं. मग ओटीवरच्या काळ्या फरशीवर एका पायावर, डोळे मिटून वीस. जमलं तर घरी. नाही जमलं तर पुन्हा बाक.

लोक बर्फासाठी येत आणि बाकाला कंटाळत. सगळ्यात जास्त हिराबाय. समुद्राकडच्या पाड्यातली ही कोळीण रोज डोक्यावर पाटी घेऊन सोपाऱ्याला जाई आणि परतताना दोन्ही गुडघ्यांना बर्फ लावून घेई.

"आबा, नवरा मेला तवा पन मी येवढी बसले नव्हते."

"तेव्हा तुझे गुडघे चांगले होते."

"घरी पानी भरायचं हाय माझं."

"हंड्यासकट पडलीस तर भरलेलं पण जाईल. बस."

"मेल्याला विडा गिळता पन येत नाय लवकर," हिराबाय माझ्याकडे बघून म्हणे. आबा तिकडे लक्ष न देता चघळत राहत.

मी व्यवस्थित माणूस आहे. तेव्हाही होते. विड्याने वेळ मोजणं मला सहन होईना. माझ्याकडे चावीचं मनगटी घड्याळ होतं. मी सहा दिवस गुपचूप त्यांचे विडे मोजले. एक विडा चौदा मिनिटं निघाला, एक अकरा, एक तब्बल बावीस. तो तक्ता मी त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "आबा, तुमचं माप सारखं नाही."

त्यांनी तक्ता उलटा करून पाठीमागे काही आहे का बघितलं. "माणसं सारखी आहेत का?"

"म्हणजे?"

"विडा माणूस बघून चघळायचा."

मी तक्ता वहीत ठेवून दिला.

बर्फाचं हे ज्ञान त्यांना कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी त्यांच्या डाव्या मनगटाबद्दल विचारलं म्हणून. ते मनगट वाकडं जुळलेलं होतं. कारखान्यात माणसं दिवसभर थंडगार ओल्या जमिनीवर उभी राहून लाद्या ओढत. आबांनी काही वर्षांत एक गोष्ट हेरली. आत, घसरड्या जमिनीवर सहसा कुणी पडत नसे. पडत ती बाहेर आल्यावर, कोरड्या, चांगल्या बांधलेल्या जिन्यावर. आणि काम संपल्यासंपल्याच. बाहेर थोडा वेळ बिडी ओढत बसलेला माणूस सहसा पडत नसे. घाईने घरी निघालेला पडे.

"पाय कुठे ठेवलाय, ते आपल्याला बघावं लागत नाही," ते म्हणाले. "सांधा आतून सांगत असतो. गार पडला की सांगायचं थांबतो. दुखत नाही म्हणून आपण खूश. आणि हे मला कळलं होतं, बरं का. सगळ्यांना सांगत होतो. एक दिवस मुलीला ताप होता म्हणून मीच घाईने निघालो." त्यांनी मनगट वर करून दाखवलं. "दुखणं आधी जातं, बाई. पाय मागून येतो."

"सगळ्यांचंच असं होतं?"

"नाही. कुणाचा पाय जातो, कुणाला काही होत नाही. कुणाचा जाईल ते आधी कळत नाही. म्हणून सगळ्यांनी बसायचं."

आता दारापुढच्या खोडाचं सांगते. आबांचं घर केळीच्या वाडीत आत होतं. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये कमरेएवढा खोल चर होता आणि त्यावर ताडाचं एक खोड आडवं टाकलेलं होतं. वरची बाजू जरा तासून सपाट केलेली, एवढंच. धरायला काही नाही. घरातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. म्हणजे लंगडत आलेल्या प्रत्येक माणसाला त्या खोडावरून येणं आणि त्या खोडावरूनच जाणं भाग होतं. येताना आबा स्वतः हात धरून आणत. जाताना हात देत नसत. ओटीवर उभे राहून बघत.

चरात पाऊस संपला की चिखल राही आणि त्या चिखलात आबा वाडीतले तोडलेले केळीचे खुंट आणून टाकत. दर शनिवारी, नेमाने. ते कुजत, त्यावर चिलटं घोंगावत. इतक्या टापटिपीच्या माणसाने दारातच उकिरडा का करावा, मला कळत नसे.

सहा महिने झाल्यावर मी घराच्या दुरुस्त्यांची यादी केली आणि त्यांना दिली. पहिलं काम, ताडाचं खोड काढून सिमेंटचा स्लॅब टाकणे. दुसरं, चरातले केळीचे खुंट काढणे. तिसरं, माळ्याच्या जिन्याला दोर बांधणे. अशी एकूण सात कामं. आबांनी यादी वाचली आणि त्याच संध्याकाळी जिन्याला दोर बांधला. उरलेल्यांतली चार कामं महिन्याभरात केली. पहिल्या दोन कामांना म्हणाले, "बघू."

दर पंधरा दिवसांनी मी विचारी आणि दर पंधरा दिवसांनी ते "बघू" म्हणत. कारण देत नसत. मग मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. गुडघे दुखणारी माणसं जिथे रोज येतात तिथे असं खोड असणं किती धोक्याचं आहे, हे मुद्देसूद मांडलं आणि खाली बाकावर येऊन बसणाऱ्या अकरा जणांच्या सह्या-अंगठे घेतले. हिराबायने सगळ्यात आधी अंगठा उठवला. अर्ज मंजूर झाला. रस्त्याच्या कडेला स्लॅबखाली घालायचे दोन सिमेंटचे पाइप येऊन पडले. आबा रोज त्यांना वळसा घालून बर्फ आणत.

जनू याच सुमाराला यायला लागला. जनू माडी काढणारा. त्याची थोरली मुलगी माझ्या वर्गात होती, तिसरीत. रस्त्यापलीकडच्या वाडीतले सहा माड त्याच्याकडे होते. माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याला पोय म्हणतात. ती बांधून तिचं टोक रोज थोडं थोडं छाटावं लागतं, तेव्हा तिच्यातून थेंब थेंब माडी मडक्यात उतरते. एखाद-दोन दिवस छाटली नाही की पोय सुकते, आणि सुकलेली पोय पुन्हा पाझरत नाही. जनूचा उजवा गुडघा सुजून लिंबाएवढी गाठ आली होती. त्यापायी तीन दिवस सगळ्या माडांवर चढता आलं नाही आणि दोन पोयी गेल्या. वाडीवाल्याने त्याला सांगून टाकलं की आणखी एक सुकली तर माड दुसऱ्याला देईन. चढण्याखेरीज जनूला दुसरं काही येत नव्हतं.

त्याला डॉक्टरकडे जायला आबांनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाला, महिनाभर आराम. जनू तिथून थेट आबांकडे आला.

बर्फाने सूज उतरायला लागली. ठणका तर पहिल्याच दिवशी थांबला. आणि तिथून दोघांचं भांडण सुरू झालं.

"आबा, आता दुखत नाय. आताच सोडा. आता चढलो तर चढलो. तुमचे दोन विडे होईस्तोवर परत ठणकायला लागतो."

"ठणकू दे. ठणका असला की पाय कुठे आहे ते तरी कळतं."

"मग बर्फ कशाला लावायचा? दुखावं म्हणून?"

"सूज उतरावी म्हणून. चढावं म्हणून नाही."

"आबा, तुम्ही कधी माडावर चढलाय काय?"

"नाही. पडलोय मात्र जिन्यावरून. तुझा माड पन्नास फूट आहे."

जनू चडफडत बसे. मी ओटीवर वह्या तपासत हे ऐके आणि मनातून माझं मत जनूच्या बाजूने असे. दुखणं दबलेलं असताना काम उरकावं, हे सरळ गणित होतं. सूज उतरवायची आणि मग दुखणं परत येईपर्यंत माणसाला बसवून ठेवायचं, यात मला काही शिस्त दिसत नव्हती.

मार्च महिन्यात पालघरहून निरोप आला. मुलीला मुलगा झाला होता, बाराव्या दिवशी बारसं. आबा चार दिवसांसाठी निघाले. जाताना मला म्हणाले, "बर्फ तुम्ही बघा. तुमच्याकडे घड्याळ आहे." यात चेष्टा होती की विश्वास, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही. मी विश्वास धरला.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या पद्धतीने केलं आणि फार गोंधळ झाला. बाकावर जागा चार जणांची, माणसं नऊ. बायकांना घरी पाणी भरायचं, मुलं वाट बघतायत. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मी वेळापत्रक केलं. कागदावर रेघा मारून, प्रत्येकाचं नाव, बर्फाची वेळ, सुटायची वेळ. बर्फ सगळ्यांना पंधरा मिनिटं. बाक दहा मिनिटं, कारण तेवढ्यात नऊ जण बसत होते. ज्यांना घरी लवकर जायचं त्यांना आधी घेतलं. जनूला सगळ्यात शेवटी, सव्वापाचला. म्हणजे साडेपाचला बर्फ सुटेल आणि तो तडक माडावर जाईल. दुखणं परत यायच्या आत सहा माड उरकतील. बाक नाही.

वेळापत्रक बघून हिराबाय म्हणाली, "बाय, तू आबापेक्षा शानी निघालीस."

त्याच दिवशी मी आणखी एक काम केलं होतं. पंचायतीच्या गवंड्याला निरोप धाडला होता की गुरुवारी सकाळी ये आणि स्लॅबचं काम सुरू कर. आबा परत येतील तेव्हा काम झालेलं असेल आणि मग त्यांना "बघू" म्हणायला काही उरणार नाही, असा माझा हिशेब होता.

साडेपाचला मी जनूचा पंचा सोडला. गुडघा लालबुंद झाला होता. त्याने तो दोनदा वाकवला.

"काही नाय, बाई. दगडासारखा झालाय. दुखत नाय."

"मग जा."

काळ्या फरशीवर मी त्याला उभं केलं नाही. ते वेळापत्रकात बसत नव्हतं.

जनू कमरेला कोयती अडकवून निघाला. खोडावर पहिलं पाऊल नीट पडलं. दुसरंही. हा माणूस रोज सहा माड हातापायांनी चढणारा, ताडाचं ते खोड त्याच्या दृष्टीने रस्ताच. तिसऱ्या पावलाला त्याचा उजवा पाय खोडाच्या कडेवर पडला, चार बोटं बाहेर. त्याने तो काढून घेतला नाही. मी ओटीवरून बघत होते, म्हणून नक्की सांगते. त्याला कळलंच नाही की पाय कडेवर आहे. त्याने त्या पायावर भार दिला आणि तो सरळ चरात गेला.

मी धावले. जनू केळीच्या कुजलेल्या खुंटांवर उताणा पडला होता, पाठीने चिखलात रुतलेला, तोंडावर चिलटं. कोयती दोन हातांवर चिखलात उभी रुतली होती.

"लागलं?"

"नाय." मग उजव्या पायाकडे बघत, "बाई, मला पाय दिसत होता. पण माझा वाटला नाय."

खुंट इतके मऊ होते की त्याला खरचटलंही नव्हतं. त्याला वर काढताना माझं लक्ष रस्त्यापलीकडे गेलं. त्याचा पहिला माड तिथून वीस पावलांवर होता.

त्याला आणून बाकावर बसवलं. आता प्रश्न असा होता. सूर्य मावळायला तासभर राहिला होता. आज छाटलं नाही तर कमीत कमी एक पोय जाणार, ते जनूने मला बोटावर मोजून सांगितलं. पोय गेली की माड गेले. आणि चढवायचा की नाही हे सांगायला आबा नव्हते. मी होते.

"बाई, जाऊ?"

"बस."

दहा मिनिटांनी मी त्याला काळ्या फरशीवर उभं केलं. डोळे मिटून. सातला पाय टेकला. पुन्हा बाक. आणखी दहा मिनिटांनी तेराला टेकला. घड्याळाकडे बघायचं मी त्यानंतर सोडून दिलं आणि त्याच्याकडे बघत बसले. गुडघ्याचा रंग उतरत गेला. जनूने दात आवळले, म्हणाला, "आला ठणका." मी त्याला उठवलं. या वेळी तो वीसपर्यंत गेला, खांबासारखा. मी परत मोजायला लावलं. परत वीस. मग मी त्याला खोडावरून रस्त्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तो मधोमध थांबून म्हणाला, "बाई, आणखी फेऱ्या मारल्या तर या खोडालाच माडी सुटेल."

"जा," मी म्हटलं.

तो गेला आणि मीही मागोमाग गेले. पहिल्या माडाखाली उभी राहिले. तो लंगडत होता, चढताना कण्हत होता, पण प्रत्येक खाचेत पाऊल बरोबर पडत होतं, एकेक, चाचपून. शेंड्याशी पोहोचल्यावर त्याने खाली बघितलं.

"बाई, खाली उभं राहून काय उपयोग? झेलणार काय?"

"तू काम कर."

"मान दुखेल तुमची. मग आबा बर्फ लावतील आन बसवतील बाकावर."

सहाही माड झाले. सहाव्यावरून तो उतरला तेव्हा माणूस ओळखू येईल एवढाच उजेड होता. मी आधी गवंड्याच्या घरी जाऊन त्याला गुरुवारी येऊ नको म्हणून सांगितलं आणि घरी येऊन वेळापत्रक चुलीत घातलं.

आबा शनिवारी परत आले. नातवाबद्दल एवढंच म्हणाले, "पाय मजबूत आहेत." मी त्यांच्यासमोर बसले आणि घडलेलं सगळं क्रमाने सांगितलं. वेळापत्रक, जनूला बाकाशिवाय सोडलं ते, चर, मग फरशी आणि माड. शेवटी गवंड्याचंही सांगितलं. गवंडी चार दिवस आधी येऊन गेला असता तर खोडाच्या जागी रुंद, सपाट स्लॅब असता, जनू त्यावरून खुशाल पलीकडे गेला असता आणि त्याची पहिली चूक पन्नास फुटांवर झाली असती, हेही मी माझ्याच तोंडाने सांगितलं.

ते ऐकता ऐकता पानाला चुना लावत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "कुठला पाय गेला? उजवाच?"

"हो."

"पोय?"

"एकही गेली नाही."

"बरं."

"आबा, खोड का ठेवलंय ते तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर?"

"तर तुम्ही लिहून ठेवलं असतं." पान तोंडात गेलं. "कारखान्यात मी तीस वर्षं सांगत होतो, बाई. सगळ्यांना पाठ होतं. तरी पडत होते. मी सुद्धा. सांगून भागत नाही. पडायचंच असेल तर माणसाने कुठेतरी बुटक्या जागी पडावं, मऊ."

मग ते म्हणाले, "तुमची ती यादी द्या. दुरुस्त्यांची."

मी वही आणली. पहिल्या दोन सोडून बाकी सगळ्या ओळींवर काट होती. त्यांनी माझी पेन्सिल घेतली, पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारली. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "चरातले केळीचे खुंट काढणे." त्यातला शेवटचा शब्द त्यांनी खोडला, वर "घालणे" लिहिलं, आणि पुढे वळणदार अक्षरात, "दर शनिवारी, बाईंनी."

वही परत देताना ते एका पायावर उभे होते.

"आज शनिवार आहे," ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि वाडीत गेले. केळीचा खुंट दिसतो त्यापेक्षा जड असतो, आणि त्याचा चीक कापडाला लागला की निघत नाही. ते पातळ मी पुढे शनिवारसाठीच वेगळं ठेवलं. गासमध्ये मी आणखी पाच वर्षं होते. तेवढ्या काळात चरात एकूण सात माणसं पडली. त्यांतली एक हिराबाय, रिकाम्या पाटीसकट, आबांना शिव्या देत. लागलं कुणालाच नाही.